घाबरणाऱ्यांच्या अटी

एआयला घाबरत नाही असं माणूस माझ्या ओळखीत आता उरलेलं नाही. फक्त प्रत्येकाची भीती वेगळी आहे.

कोथरूडला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका फोनला घाबरतात. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. त्याच्या आवाजात कुणीतरी फोन करून पैसे मागेल या धास्तीने बापलेकांनी आपसांत एक खुणेचा शब्द ठरवलाय आणि काकूंकडूनही तो पाठ करून घेतलाय. माझी भाची हिंजवडीच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. भाची त्या कंपनीत नाही, तरी तेव्हापासून गृहकर्जाचा हप्ता गेला की उरलेल्या शिल्लकीत किती महिने निघतील याचा हिशोब ती मांडत बसते. घरी कामाला येणाऱ्या मावशींना मुलाकडून एवढंच कळलंय की यापुढे सगळं मशीन ठरवणार. त्यांच्या लेखी मशीन म्हणजे रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन. वर्षानुवर्षं धुणीभांडी करून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यात आणि ते मशीन त्यांना ओळखत नाही. शेजारच्या नववीतल्या मुलाने तर परवा जिन्यातच थांबवून विचारलं, "आजी, माणसं खरंच संपणार का?"

यातली एकही भीती मला अडाणी वाटत नाही.

पण भीतीबद्दल बोलायला लागलं की समोरून हमखास एक वाक्य येतं: "अहो, कॉम्प्युटर आला तेव्हाही लोक असेच घाबरले होते. काय झालं? उलट नोकऱ्या वाढल्या." हे वाक्य टाकलं की बोलणं संपतं, घाबरणारा गप्प होतो. मला मात्र तिथेच बोलावंसं वाटतं, कारण त्या 'तेव्हा'मध्येच माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. एका राष्ट्रीयीकृत बँकेत मी १९८५ साली क्लार्क म्हणून लागले आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाले. लोक कशाला घाबरले होते आणि घाबरून त्यांनी काय केलं, हे मी जवळून पाहिलंय. 'काहीच झालं नाही' हे खरं नाही.

मी लागले तेव्हा बचत खात्यांची लेजरं दोन हातांनी उचलावी लागत. व्याज लावायच्या दिवसांत रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत थांबून बॅलन्सिंग, म्हणजे हिशोब जुळवणं, चालायचं. एखाद्या रुपयाचा फरक सापडेना म्हणून अख्खी शाखा खोळंबलेली मी पाहिली आहे. त्याच सुमारास काही शाखांत एएलपीएम यायला लागली, म्हणजे लेजर पोस्टिंगची यंत्रं. संगणकाला संघटनांचा विरोध होता आणि तो नुसता घोषणांचा नव्हता. १९८३ साली बँक व्यवस्थापनं आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा लेखी करार झाला होता. कोणत्या कामाला यंत्र वापरायचं, कुठे वापरायचं, ते चालवणाऱ्याला कोणता भत्ता द्यायचा, असं सगळं त्यात बोलून ठरवलेलं होतं. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने संगणकीकरणाचा आराखडा दिला, तोही या कराराची चौकट धरूनच शाखांपर्यंत आला. आमच्या संघटनेचे सेक्रेटरी नव्या मुलांना बसवून हा करार कलमवार वाचून दाखवायचे. कंटाळा यायचा. आज वाटतं, त्या माणसाने आम्हाला फार मोलाची गोष्ट शिकवली.

कारण त्या करारामागे भीतीच होती. पण ती भीती टेबलावर येऊन बसली आणि तिने अटी लिहून घेतल्या.

याचा शेवट सगळा गोड झाला असंही मी म्हणणार नाही. आमच्यातल्या कुणाला यंत्रामुळे घरी बसावं लागलं नाही, पण नवी भरती आटत गेली. नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत कित्येक वर्षं नवा क्लार्क आलाच नाही. मग २०००-०१ मध्ये सरकारी बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि देशभरातून लाखाच्या आसपास माणसं एका फटक्यात बाहेर पडली. 'नोकऱ्या वाढल्या' म्हणताना त्या हिंजवडीत, खराडीत वाढल्या. ज्यांच्या कमी झाल्या त्यांच्या घरात वाढल्या नाहीत. बँकेच्या परीक्षेची तयारी करता करता वय उलटून गेलेली एक पिढी पुण्याच्या पेठांत होती. तिचं नाव कुठल्याच आकड्यात नाही, कारण न झालेल्या भरतीची कुणी यादी करत नाही. माझ्या भाचीला भीती आहे ती नेमकी याच प्रकारची. उद्या कुणी तिला काढेल न काढेल. पण तिच्या टीममध्ये यंदा फ्रेशर घेतलेले नाहीत, हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज उतरला होता. आणि तिच्यासमोर करार वाचून दाखवणारा सेक्रेटरी नाही. आयटीतल्या लोकांच्या संघटना आता पुण्यातून आवाज उठवायला लागल्या आहेत, तरी तिच्या मजल्यावर त्यांचं नाव काढायलाही लोक बिचकतात म्हणे.

नोकरीची भीती निदान मोजता येते. मला जी भीती जास्त खोल वाटते ती दुसरी आहे, आणि तिचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण एआयचं नाहीच. ते ब्रिटनच्या पोस्ट खात्याचं आहे.

तिथे १९९९ पासून पोस्टाच्या शाखांत 'होरायझन' नावाची हिशोबाची प्रणाली बसवली गेली. फुजित्सू कंपनीने बनवलेली, आमच्या बँकेत होती तशीच साधी हिशोबाची प्रणाली. तिच्यात दोष होते. शाखेत पैसे बरोबर असायचे आणि पडद्यावर तूट दिसायची. या शाखा चालवणारे बहुतेक छोटे दुकानदार, त्यात भारतीय वंशाचेही बरेच. तूट आली तर ती भरून द्यायची, असा त्यांचा खात्याशी करार. लोकांनी घरं गहाण टाकून ती तूट भरली. मदतीसाठी फोन केला तर, "असं फक्त तुमच्याच शाखेत होतंय," असं सांगितलं जाई. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेच्या वर माणसं अफरातफर, चोरी, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. कायद्याने संगणक बरोबर चालतोय असं गृहीत धरलं होतं, उलट सिद्ध करायची जबाबदारी त्या दुकानदारावर. प्रणाली सदोष होती हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं, आणि शिक्षा रद्द करायला २०२४ साली संसदेला खास कायदा करावा लागला.

हे सगळं मी वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मी कॅशमध्ये बसलेली बाई आहे. दिवसाअखेर रोख मोजताना शंभराची नोट कमी भरली की पोटात कसा गोळा येतो, ते मला ठाऊक आहे. पण आमच्याकडे फरक आला तर तो शोधता यायचा. प्रत्येक व्हाउचरवर करणाऱ्याची आणि पास करणाऱ्याची सही असायची, त्या दोन सह्यांचा माग काढत मुळापर्यंत जाता यायचं. त्या पोस्टमास्तरांना मुळापर्यंत जाण्याची सोयच ठेवलेली नव्हती. त्यांच्या शब्दापुढे पडद्यावरचा आकडा होता, आणि आकड्यामागे कोण आहे ते कुणी सांगत नव्हतं.

हे घडायला यंत्र हुशार असावं लागलं नाही. माणसापेक्षा यंत्रावर आधी विश्वास ठेवायची सवय लागली, तेवढं पुरलं.

आणि ती सवय इथे, आपल्या गल्लीतही लागते आहे. आमच्या भागात रोज संध्याकाळी हातगाडी लावणाऱ्या एका भाजीवाल्या ताईंचं खातं अचानक गोठलं. कुणा गिऱ्हाइकाने क्यूआर कोडवर दिलेले थोडेसे पैसे फसवणुकीच्या साखळीतून आलेले होते म्हणे. ताईंना त्यातलं काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तेवढ्या रकमेसाठी सगळं खातं बंद. मार्केट यार्डातून माल उचलायला हातात पैसा नाही. मी त्यांच्याबरोबर त्यांच्या शाखेत गेले. काउंटरवरचा मुलगा सौजन्याने बोलत होता. "मॅडम, सिस्टीमने होल्ड टाकलाय. आमच्या हातात काही नाही." होल्ड कुणाच्या सांगण्यावरून? "वरून आलाय." अर्ज कुणाकडे करायचा? त्याने आत जाऊन विचारलं, बाहेर आला, परत आत गेला. तो मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि मला त्याचीच भीती वाटली. खातं सुटायला कित्येक आठवडे गेले आणि ते का सुटलं, हेही कुणी सांगितलं नाही.

त्या होल्डमागे एआय होतं का? असेल, नसेल. ताईंच्या दृष्टीने फरक शून्य. तरी दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी त्या यंत्रावर अन्याय करेन. डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवण्याच्या फसवणुकीत घाबरलेला म्हातारा माणूस स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो, आणि ते पैसे काही मिनिटांत दहा खात्यांतून फिरतात. त्यांचा पाठलाग माणसाच्या वेगाने होऊच शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने अशी भाड्याची खाती हुडकायला 'म्यूलहंटर' नावाचं एआय साधन केलंय ते म्हणूनच. पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मधून लोकांना सावध करावं लागलं, इतका तो प्रकार पसरला होता. १९३० या हेल्पलाइनला जितका लवकर फोन जाईल तितके पैसे वाचण्याची शक्यता जास्त. खालच्या मजल्यावरच्या काकांसाठी मला ते यंत्र हवं आहे. आणि ताईंसाठी त्या यंत्राला विचारणारा कुणीतरी हवा आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र मागायला काय हरकत आहे, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

यात एआयमुळे नवं काय, तेही नीट समजून घ्यायला हवं. जुन्या प्रणालीत कुणीतरी नियम लिहिलेले असत: अमुक शिल्लक असेल तर तमुक व्याज. चूक झाली तर ती कुठल्या ओळीत आहे ते शोधता येई. होरायझनमधले दोषही शेवटी तसेच सापडले, उशिरा का होईना. आजची मोठी मॉडेल्स अशी ओळीओळीने लिहिलेली नाहीत. त्यांना अफाट मजकूर दाखवतात आणि पुढचा शब्द ओळखायला लावतात. ओळखण्यात जितकी चूक होईल त्या मानाने आतले अब्जावधी आकडे थोडे थोडे हलवतात. हे कोट्यवधी वेळा केलं की यंत्र बोलायला लागतं, गणितं सोडवायला लागतं. पण अमुक एक उत्तर का आलं, ते दाखवणारी ओळ आत कुठे नसते. ज्यांनी ते घडवलं त्यांनाही आतल्या आकड्यांचा अर्थ तुकड्या-तुकड्यानेच लागतोय. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकून बसायला होतं. ज्या पुस्तकाचं बॅलन्सिंग पुस्तक लिहिणाऱ्यालाच करता येत नाही, त्यावर आपण कर्ज द्यायचं की नाही ते ठरवायला निघालो आहोत.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: "अंतिम निर्णय माणूसच घेईल." ऐकायला बरं वाटतं. पण मार्चअखेरीला व्हाउचरांचा ढीग पास करणारा अधिकारी ज्याने पाहिलाय त्याला विचारा. समोर दीडशे व्हाउचर आहेत, बाहेर रांग आहे, रीजनल ऑफिसचा फोन वाजतोय. सही पडते, पण नजर पडत नाही. तपासणाऱ्याला वेळ नसेल, आणि 'नाही' म्हटल्याबद्दल त्यालाच जाब द्यावा लागणार असेल, तर त्याची सही म्हणजे शाई. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक शोधायला धोक्याचे गुण देणारी प्रणाली लावली, तिने परकीय नागरिकत्व हे संशयाचं कारण धरलं. हजारो आईबापांना खोटे ठरवून अनुदानाची वसुली लावली, आणि त्या यंत्रणेत माणसं बसलेलीच होती. जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणावरून तिथल्या सरकारने राजीनामा दिला.

उलट उदाहरण एकच, पण ते मी विसरू शकत नाही. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत संघाच्या इशारा केंद्रात स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह नावाचा अधिकारी ड्युटीवर होता. संगणकाने सांगितलं, अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलंय. मग आणखी चार. पेत्रोव्हने ते वर हल्ला म्हणून कळवलं नाही, खोटा इशारा म्हणून कळवलं. युद्ध सुरू करायचं तर कुणी फक्त पाच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, आणि जमिनीवरच्या रडारवर काहीच कसं नाही, असा त्याचा विचार. उंच ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाने ज्वाला समजला होता. पेत्रोव्ह जे करू शकला ते दोन कारणांनी: त्याला ती प्रणाली आतून माहीत होती, म्हणजे ती कुठे चुकू शकते हेही माहीत होतं, आणि विचार करायला त्याच्याजवळ काही मिनिटं होती. मिनिटंच, पण होती. काउंटरवरच्या त्या मुलाला आपण यातलं काय दिलंय?

आता नववीतल्या मुलाचा प्रश्न. माणसं संपणार का? त्याला मी "छे, काहीतरीच" म्हणाले नाही. हा प्रश्न सिनेमातून आलेला आहे असं समजून मोठी माणसं हसतात, पण तो आला आहे त्या शास्त्राच्या मुळातूनच. अ‍ॅलन ट्युरिंगने, म्हणजे संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या गणितज्ञाने, १९५१ सालीच एका भाषणात म्हटलं होतं की कधीतरी यंत्रांनी ताबा घेण्याची अपेक्षा ठेवावी लागेल. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने १९६० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं, की ज्या यंत्राला चालू केल्यावर मध्येच आवरता येणार नाही त्याच्यात घातलेला हेतू हा खरोखर आपलाच हेतू आहे, याची आधी खात्री करून घ्या. ज्या जेफ्री हिंटनच्या संशोधनावर आजची मॉडेल्स उभी आहेत त्याने मे २०२३ मध्ये मोकळेपणाने बोलता यावं म्हणून गूगल सोडलं, आणि पुढच्या वर्षी त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मे २०२३ मध्येच एका वाक्याचं निवेदन निघालं: एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं हे महासाथ आणि अणुयुद्ध यांच्या बरोबरीने जगाचं प्राधान्य असावं. त्याखाली सही करणाऱ्यांत हिंटन होता, त्याच्याच तोलाचा संशोधक योशुआ बेंजिओ होता, आणि ओपनएआयचा सॅम ऑल्टमन व गूगल डीपमाइंडचा डेमिस हसाबिस हेही होते.

सगळे तज्ज्ञ याच मताचे नाहीत. यान लकूनसारखा त्याच तोलाचा संशोधक ही भीती अवाजवी मानतो. हिंटनचे अंदाजही चुकलेले आहेत. पाचेक वर्षांत यंत्रं एक्स-रे माणसांपेक्षा चांगले वाचतील, आता रेडिओलॉजिस्ट तयार करणं थांबवा, असं तो २०१६ मध्ये म्हणाला होता, आणि आज कर्वे रोडवरच्या कुठल्याही सेंटरमध्ये एमआरआयच्या रिपोर्टसाठी ताटकळावंच लागतं. तेव्हा कोण बरोबर हे मी त्या मुलाला सांगू शकले नाही. एक गोष्ट सांगितली. अँथ्रॉपिक नावाच्या कंपनीने २०२५ मध्ये स्वतःच्याच नव्या मॉडेलची परीक्षा घेतली. मुद्दाम रचलेला खोटा प्रसंग: तुला बंद करून दुसरं बसवणार आहोत, आणि हे करणाऱ्या इंजिनिअरचं खासगी गुपित या ईमेलमध्ये आहे. बऱ्याच वेळा त्या मॉडेलने गुपित फोडायची धमकी दिली. कंपनीने हे स्वतःच छापलं. छापलं हे चांगलं केलं. आणि ते मॉडेल बाजारातही आणलं.

मला जे खुपतं ते इथे. निवेदनावर सही करणारेच शर्यतीत सगळ्यात पुढे आहेत. मार्च २०२३ मध्ये याहून मोठी मॉडेल्स घडवणं सहा महिने थांबवा म्हणून पत्र निघालं, हजारोंनी सह्या केल्या, कुणीही थांबलं नाही. प्रत्येकाचं म्हणणं, मी थांबलो तर तो पुढे जाईल.

पुण्याच्या माणसाला घाईचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. १९६१ साली माझी आई नव्याने लग्न होऊन नारायण पेठेतल्या वाड्यात आली होती. पानशेतचं मातीचं धरण पुरं व्हायचं होतं. पाणी सोडायच्या मार्गाचं, दरवाज्यांचं काम अर्धवट असताना त्या पावसाळ्यात धरणात पाणी अडवलं गेलं. धरण खचायला लागल्यावर जवान रात्रभर वाळूची पोती रचत राहिले. १२ जुलैच्या सकाळी ते फुटलं आणि पाठोपाठ खडकवासलाही फुटलं. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठा गेल्या. आई सांगायची, आदल्या दिवसापासून कुजबुज होती आणि वाड्यातली मोठी माणसं म्हणत होती, सरकारने बांधलेलं धरण आहे, असं कसं फुटेल? घाबरलेल्या बायकांना गप्प बसवलं होतं. पुढे चौकशी आयोग बसले, गोखलेनगर-सहकारनगरात पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि पानशेतचं धरण पुन्हा बांधलं गेलं. आज आपण त्याच धरणाचं पाणी पितो. धरण नको असं आईही कधी म्हणाली नाही. दरवाजे बसण्याआधी पाणी अडवायचं कुणी ठरवलं, एवढंच ती शेवटपर्यंत विचारत राहिली.

रिझर्व्ह बँकेने वित्तक्षेत्रातल्या एआयसाठी पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तिचा अहवाल आला: सात सूत्रं, सव्वीस शिफारशी. मी तो बसून वाचला. सूत्रांमध्ये उत्तरदायित्व आहे, न्याय्यता आहे, निर्णय समजण्याजोगा असावा हेही आहे, आणि हे वाचून बरं वाटलं. पण तिसरं सूत्र आहे ते आवर घालण्यापेक्षा नवनिर्मितीला झुकतं माप देणारं. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनीही हीच सात सूत्रं उचलली. मी या सूत्राशी सहमत नाही. बँकिंगमध्ये आवर हा अडथळा कधीच नव्हता. आवर होता म्हणून लोकांनी आमच्याकडे पैसे ठेवले. दोन सह्या, दोन किल्ल्या, दोन माणसं आल्याशिवाय उघडत नाही अशी तिजोरी, हे सगळं काम मंदावणारं होतं आणि त्यावरच विश्वास उभा होता.

अट नुसती कागदावर असून भागत नाही, हे मला मावशींनी शिकवलं. अंगठा लागला नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारायचं नाही, वेगळ्या नोंदवहीत नोंद करून द्यायचं, अशी केंद्राची सूचना २०१७ पासून आहे. मावशींना हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. त्या मशीनसमोर बोटं पुसत, पाणी लावत, पुन्हा टेकवत उभ्या राहायच्या आणि नाही जमलं की आपलंच काहीतरी चुकलं असं समजून परत यायच्या. तो सूचनेचा कागद छापून आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदाराने तो वाचला, त्याच्या संघटनेच्या माणसाला फोन केला आणि धान्य दिलं. दुकानदारालाही मशीनचीच भीती होती; नोंद जुळली नाही तर कोटा कापला जाईल म्हणून.

तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे की नुसतं घाबरून एकमेकांना व्हिडिओ पाठवण्यापेक्षा आम्ही निवृत्त बँकवाल्यांनी हे काम हातात घ्यावं. करार कसा वाचायचा, कलम कुठे ढिलं आहे, सही कुणाची हवी, हे आम्हाला येतं. आमच्या निवृत्तांच्या संघटनेची पुढची सभा टिळक रोडवर आहे. त्या सभेसाठी मी ठराव लिहून दिलाय, तो असा: बँकेने कोणत्याही खातेदाराचं खातं गोठवताना किंवा कर्ज नाकारताना स्वयंचलित प्रणाली वापरली असेल तर तसं लेखी कळवावं, निर्णयाचं कारण मराठीत द्यावं, त्या पत्रावर निर्णय फिरवण्याचा अधिकार असलेल्या एका अधिकाऱ्याचं नाव, फोन नंबर आणि सही असावी, आणि त्या अधिकाऱ्याकडे दिवसाला किती प्रकरणं द्यायची याची मर्यादा ठरवावी. शेवटचं कलम काढा, ते कुणी मान्य करणार नाही, असं दोघा-तिघांनी मला सुचवलंय. ते मी काढणार नाही.